वाटेवरचा बटवा

रानावनात वाट चुकलेल्या माणसास दोन-तीन दिवस जीव तगवता यावा, एवढ्यापुरत्या वस्तू एका लहानशा डबीत भरून ती खिशात बाळगण्याची पद्धत अलीकडे आपल्याकडेही रुजू लागली आहे. चोरल, पाताळपाणी, जानापाव किंवा सातपुड्यातील पचमढीच्या वाटा तुडवणाऱ्या तरुण मंडळींजवळ अशी डबी असते. आकार तंबाखूच्या डबीएवढा. आत मेणात बुडवलेल्या आगकाड्या, सुईदोरा, मासे धरण्याचा गळ, होकायंत्र, पाते, बारीक तार. 'सर्व्हायव्हल किट' या नावाने ती तयारही विकत मिळते. ही कल्पना पश्चिमेकडून आली हे उघड आहे, आणि तिचा इतिहासही मनोरंजक आहे. त्याकडे पुढे वळू. परंतु आम्हांस या डबीविषयी कुतूहल वाटले ते निराळ्या कारणाने. ज्या माळव्या-निमाडात दोन-अडीचशे वर्षांपूर्वी दर मुक्कामानंतर खरेखुरे अरण्य लागत होते, तेथील माणूस वाटेस लागताना अंगावर काय बांधून घेत असे, हा प्रश्न तिने उभा केला.

प्रश्न क्षुल्लक वाटेल. आपले बखरकार हत्ती मोजतात, निशाणे मोजतात, तोफांची नावे सांगतात. शिपायाच्या कनवटीला काय होते, हे सांगण्याची गरज त्यांना वाटलेली नाही, कारण ते सर्वांना ठाऊकच होते. अशा वेळी भाषा साक्षीस येते. बटवा, चंची, कसा, झोळी, पडशी, खुर्जी, तोबरा, इतकी नावे मराठीने केवळ पिशवीच्या प्रकारांसाठी सांभाळून ठेवली आहेत, आणि प्रत्येकीचे काम वेगळे आहे. पानतंबाखूची ती चंची, पैशाचा तो कसा, खांद्यावर मागेपुढे लोंबणारी ती पडशी, घोड्याच्या पाठीवर दोहों बाजूंस टाकायची ती खुर्जी, घोड्याच्या तोंडाला चंदीसाठी बांधायचा तो तोबरा. यांतले काही शब्द फारसी वाटेने आले. खुर्जी आणि तोबरा हे त्यांपैकी. गंमत अशी की ज्या 'खिशा'त ही आजची डबी राहते, तो शब्दही तसाच बाहेरून आलेला आहे. आपल्या जुन्या धोतर-उपरण्याला खिसा कुठला असणार! मोलाची वस्तू कनवटीला खोचायची, सोग्याला किंवा पदराला गाठ मारून बांधायची. 'आजीबाईचा बटवा' आपण अजून विसरलेलो नाही. हिरडा, सुंठ, वेखंड, जायफळ यांच्यासह तो घरात राहिला. त्याचाच वाटेवर हिंडणारा भाऊ मात्र आपल्या स्मरणातून गेला.

त्या भावाच्या पोटात हमखास सापडणारी वस्तू म्हणजे चकमक. हा शब्द तुर्की; मूळ अर्थ ठोकणे, ठिणगी पाडणे असा. पोलादाचा एक लहानसा वाकडा तुकडा, एक गारगोटी आणि सावरीच्या कापसाचा बोळा, एवढा तिचा सरंजाम. गारेच्या धारेवर पोलाद घासून मारले म्हणजे लोखंडाचा सूक्ष्म कण निघतो, निघतानाच पेटतो आणि कापसावर पडून धुमसू लागतो. मग फुंकर घालायची. सरावलेल्या हाताला हे काम क्षणाचे असे, पावसाळ्यात मात्र कापूस कोरडा राखणे हीच खरी परीक्षा. दोन सैन्यांच्या तुकड्यांची गाठ पडून शस्त्राला शस्त्र भिडले की मराठी माणूस अजूनही 'चकमक उडाली' म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडी हाच बटव्यातला तुकडा असतो. गारगोटीसाठी माळव्यात कोणास दूर जावे लागत नव्हते. आपली काळी जमीन ज्या थिजलेल्या लाव्हारसाच्या खडकावर पसरली आहे, त्याच्या पोकळ्यांतून गार, अकीक आणि त्यांच्या जातीचे दगड जागोजाग मिळतात, आणि नर्मदा ते घासून-पुसून काठावर आणून टाकते. महेश्वरसमोर नावडातोडी येथे ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ ते १९५९ या काळात जे उत्खनन केले, त्यात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत याच दगडांची बारीक पाती मोठ्या संख्येने सापडली. पात्यासाठी त्या लोकांनी वेचलेला दगड पुढे होळकरांच्या शिपायाने ठिणगीसाठी वेचला. तो विकत घ्यावा लागत नव्हता आणि हरवला तर हळहळही नव्हती.

येथे एक गोष्ट लक्षात येते, व तीच या लेखात आम्हांस सांगावयाची आहे. बटव्यात दगड असलाच पाहिजे असे नव्हते. पोलाद मात्र असावेच लागे, कारण ते रानात उगवत नाही. मुलूख जे देत नाही तेवढेच माणूस बरोबर घेतो. म्हणून एखाद्याच्या पिशवीत काय आहे यावरून तो मुलूख त्याला काय देत होता आणि काय नाकारत होता, हे ओळखता येते. त्या मुलखाशी, तेथील माणसांशी त्याचे नाते कसे होते, हेही.

होळकरांचा वंश मूळचा धनगरांचा. मल्हारराव खानदेशात मामाकडे वाढले, मेंढरांमागे हिंडले, ही हकीगत सर्वश्रुत आहे. धनगराची सारी मालमत्ता अंगावर असते. त्याची घोंगडी हीच त्याची छत्री, अंथरूण, पांघरूण आणि प्रसंगी गाठ मारून केलेली पिशवी. पाऊस झेलून ती जड होते, पण लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही; हा गुण कापसाच्या कोणत्याही वस्त्रात नाही. मराठी घोडदळाच्या चपळाईचे श्रेय आपण गनिमी काव्याला देतो ते योग्यच आहे, पण त्या काव्याच्या मुळाशी ही धनगरी काटकसर होती, असे आम्हांस वाटते. डेरे, बाजारबुणगे, मुदपाकखाना यांवाचून जो चार दिवस राहू शकतो, त्यालाच गनिमी कावा परवडतो. पहिल्या बाजीरावाची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. प्रतिपक्षाने त्याचे चित्र काढण्यास चितारी पाठविला, तेव्हा हा सेनापती घोड्यावर लगाम सैल सोडून, भाला खांद्यावर टाकून, हातावर ज्वारीची कणसे चोळीत दाणे खात चाललेला त्यास दिसला. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यात बाजीरावाजवळ पिशवीच नाही, हे ध्यानात घ्यावे. त्याचा बटवा म्हणजे वाटेवरचे शेत. हे शेत कोणाचे होते आणि त्या शेतकऱ्याच्या घरी त्या रात्री काय शिजले, हे आख्यायिका सांगत नाही. आपल्यापासून फार दूर नसलेल्या रावेरखेडी येथे, नर्मदाकाठी, २८ एप्रिल १७४० रोजी बाजीरावाने देह ठेवला. तेथील समाधीच्या परिसरात आजही ज्वारीची शेते पाहताना ही कणसे आठवल्यावाचून राहत नाहीत.

शेतकऱ्यास न लुटता प्रवाशाची पिशवी हलकी करता येते, हे दाखविले अहिल्याबाईंनी. १७६७ ते १७९५ या त्यांच्या कारकिर्दीतील घाट, विहिरी, धर्मशाळा, सदावर्ते यांच्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि बहुतेक सारे भक्तिभावाने. आम्ही त्यांच्याकडे वाटसराच्या नजरेने पाहू. प्रत्येक मजलेला पाणी मिळणार असेल तर पखाल नको. मुक्कामी शिधा मिळणार असेल तर पीठमीठ नको. महेश्वरहून माळव्याच्या पठारावर चढणाऱ्या वाटेवर त्यांनी १७९१ मध्ये जाम दरवाजा उभारला. घाट चढून आलेल्याला तेथे चौकी दिसली की पुढच्या रात्रीची अर्धी भीती सरत असे. परंतु या साऱ्यांहून आम्हांस महत्त्वाची वाटते ती 'भीलकवडी'. विंध्य-सातपुड्याच्या डोंगरवाटांवर भिल्लांचा जुना हक्क होता. तेथून जाणाऱ्या मालावर ते लहानशी पट्टी घेत. अहिल्याबाईंनी तो हक्क नाकारला नाही, मान्य केला. मात्र त्या बदल्यात वाट सुरक्षित राखण्याची आणि हद्दीत चोरी झाल्यास माल शोधून देण्याची जबाबदारी भिल्लांवर टाकली. ही व्यवस्था सर जॉन माल्कमने नोंदविली आहे. म्हणजे तलवारीच्या ओझ्याऐवजी चार कवड्या. रानातून जाणाऱ्याच्या बटव्यात इतकी स्वस्त आणि इतकी परिणामकारक वस्तू त्याआधी किंवा नंतर कधी असेल, असे आम्हांस वाटत नाही. सावकारांची गोष्ट याच जातीची. रोख रक्कम घेऊन रानातून जाण्यापेक्षा ते हुंडी नेत. कागदाचा तुकडा चोराच्या काय कामाचा? पण हुंडी म्हणजे तरी काय, पलीकडच्या गावच्या पेढीवर कोणी आपले नाव ओळखील हा भरवसाच.

हा भरवसा अहिल्याबाईंच्या मागे फार दिवस टिकला नाही. अठराव्या शतकाची अखेर आणि एकोणिसाव्याची पहिली अठरा वर्षे, या काळाला माळव्यातले लोक 'गर्दी का वक्त' म्हणत. माल्कमने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडून ऐकून टिपला आहे. माल्कम हा जेता. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा ज्यांनी पराभव केला त्यांतला एक. तेव्हा त्याचे सर्वच म्हणणे आपण वेदवाक्य मानू नये. इंग्रजी राज्य येण्यापूर्वी अंधार होता, हे दाखविण्यात त्याचा स्वार्थ होता. पण लहान वस्तू टिपण्याची त्याला हौस होती, आणि त्या हौशीमुळेच आपल्याला पेंढाऱ्यांच्या खुर्जीत डोकावता येते.

पेंढारी मोहिमेवर निघत तेव्हा डेरे नसत, सामानाची जनावरे नसत. प्रत्येक स्वाराजवळ स्वतःपुरत्या थोड्या भाकऱ्या आणि घोड्यापुरते थोडे दाणे, एवढेच. दिवसाकाठी चाळीस-पन्नास मैल ते कापीत. वर वर पाहता ही बाजीरावाच्या कणसांचीच परंपरा. पण फरक आहे. पेंढाऱ्याची भाकर संपे ती दुसऱ्याच्या गावात, आणि ती संपण्याच्या हिशेबानेच तो निघालेला असे. कमी सामानात राहण्याची विद्या तीच. ती कोणाच्या जिवावर चालवायची, एवढेच बदलले. नर्मदेच्या उत्तरेस नेमावर आणि सातवास ही त्यांची ठाणी, आणि तेथला मुख्य सरदार चितू. इंदूरहून नेमावरला सिद्धनाथाच्या दर्शनास जाणाऱ्या किती जणांच्या मनात हे नाव येत असेल, कोण जाणे.

१८१७-१८ मध्ये लॉर्ड हेस्टिंग्जने लाखाच्यावर फौज गोळा करून पेंढाऱ्यांभोवती जाळे आवळले. करीमखान शरण आला. अमीरखानास टोंकची नबाबी मिळाली. चितूनेही एकदा शरण जाण्याचा विचार केला, भोपाळच्या नबाबामार्फत बोलणे लावले. पण आपणास समुद्रापार धाडतील या धास्तीने त्याचे मन घेतले होते. झोपेतसुद्धा तो 'काला पानी, काला पानी' असे बरळे, ही हकीगत त्याच्या नोकराच्या तोंडची म्हणून माल्कम सांगतो. तो पुन्हा रानात शिरला. नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले हेही तेव्हा महादेवाच्या डोंगरांतून पळत होते. त्यांच्याशी त्याने संधान बांधले. १८१९ च्या आरंभी दोघे अशीरगडाच्या आश्रयास गेले. किल्लेदाराने आप्पासाहेबांस आत घेतले, चितूस घेतले नाही. एकामागून एक सोबती गळाले. अखेर एकटा चितू विंध्याच्या जंगलात, म्हणजे एका परीने आपल्याच घराच्या परसात, लपतछपत राहिला. काही दिवसांनी रानाच्या कडेला त्याचा घोडा चरताना सापडला. खोगीर होते, लगाम होता, स्वार नव्हता. शोध घेता खोगिरात एक पिशवी निघाली. तीत अडीचशे रुपये, काही शिक्क्याच्या अंगठ्या आणि आप्पासाहेबांची काही पत्रे होती. पुढे दिवस पालटल्यावर मोठे बक्षीस देण्याचे वचन त्या पत्रांतून होते. पुढे झाडीत रक्ताचे डाग पडलेले कपडे आणि तलवार, आणि शेवटी वाघाच्या जाळीत चितूचे शीर सापडले. ते आप्तांच्या हवाली करण्यात आले.

माळव्याच्या इतिहासात रानात शिरलेल्या माणसाच्या पिशवीची एवढी बारीक यादी दुसरी आमच्या पाहण्यात नाही. ती पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. रुपये, शिक्के, पत्रे. या तिन्ही वस्तू माणसांच्या जगात चालणाऱ्या. रुपया चालायला दुकान हवे, शिक्का चालायला हुकूम मानणारा हवा, पत्र चालायला लिहिणाराची गादी हवी. ज्याने आयुष्यभर भाकरी-दाण्यांवर मोहिमा केल्या, तो एकटा पडल्यावर त्याच्याजवळ राज्याच्या आशेवाचून काही नव्हते. त्याला रानाची विद्या नव्हती असे म्हणता येणार नाही. ती त्याच्याएवढी कोणाला असणार? वाघाला चकमकीने भिवविता येते, जाळ पेटता ठेवता येतो. पण जाळ पेटवला की धूर दिसतो आणि धूर दिसला की पाठलाग करणारे येतात. आग पेटविण्याची सोय त्याच्यापाशी असेलही; पेटविण्याची मोकळीक नव्हती. सातवास-नेमावरच्या पंचक्रोशीत त्याला एक घर उघडे नव्हते, आणि त्याचे कारण वीस वर्षांच्या त्या भाकऱ्यांत होते, ज्या दुसऱ्याच्या गावी संपत आल्या होत्या.

याच्या उलट टोकाची पिशवी पाहावयाची तर नर्मदेच्याच काठी, परिक्रमावासीयांकडे यावे लागते. मधल्या काळात एका मराठी भिक्षुकाची नोंद करून पुढे जाऊ. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळविण्यासाठी उत्तरेस निघाले, आणि महू, उज्जैन, धार या आपल्या मुलखातून जाताना बंडाच्या ऐन वावटळीत सापडले. झाशीसह अनेक ठिकाणी जमवलेला पैसा लुटीत गेला. १८५९ मध्ये ते घरी परतले तेव्हा सांगण्यासारखी मिळकत उरली होती ती आईवडिलांसाठी खांद्यावरून आणलेल्या गंगाजलाच्या कावडीची. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापलेले आणि पुढे १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ स्वरूपात पुढे आणलेले 'माझा प्रवास' आपल्या सभासदांच्या वाचनातले आहे. अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

परिक्रमेचे नियम सर्वपरिचित आहेत. नदी उजव्या हाताला ठेवायची, कोठेही ओलांडायची नाही. चातुर्मासात एका जागी राहायचे. शास्त्रोक्त अवधी तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस. आमच्या विषयापुरता महत्त्वाचा नियम म्हणजे संग्रह करायचा नाही. झोळीत पांघरूण, कमंडलू, एखादे शिजवण्याचे भांडे आणि एका शिशीत नर्मदेचे जल. उद्याच्या जेवणाचा शिधा आज बांधून घ्यायचा नाही. तो सदावर्तात मिळेल, नाहीतर मैया देईल. आजच्या डबीवाल्यांना हा निव्वळ वेडेपणा वाटेल. आणि या वेडेपणाचीही कसोटी पाहणारी जागा वाटेत होती, ती शूलपाणीची झाडी. बडवानीच्या पुढे दक्षिण तटावर शूलपाणेश्वरापर्यंत पसरलेल्या या अरण्यात परिक्रमावासी लुटला जाणार, हे ठरलेलेच असे. भांडे, पांघरूण, अंगावरचे वस्त्रसुद्धा जाई. लंगोटी राहिली तरी भाग्य. लुटणारे भिल्ल, ज्यांना परिक्रमावासी 'मामा' म्हणत. विशेष असे की हे लुटणे परिक्रमेचाच भाग मानले गेले. मैयाच्या आज्ञेने मामा आपला उरलासुरला परिग्रह उतरवून घेतात, अशी समजूत. आणि लुटल्यानंतर भुकेल्या यात्रेकरूस त्याच पाड्यांतून भाकर वा घाटा मिळाल्याच्या हकिगतीही पुष्कळ आहेत. गो. नी. दांडेकरांनी तरुणपणी ही वाट चालून 'कुणा एकाची भ्रमणगाथा' लिहिली, तेव्हापासून मराठी वाचकाच्या मनात या काठाचे एक चित्र पक्के झाले आहे.

भाविकांनी या लुटीला जो अर्थ दिला तो त्यांच्यापाशी. आम्हांस या व्यवहारात भीलकवडीची सावली दिसते. वाटेवरचा जुना हक्क राज्याने मानला तेव्हा तो कवडीने भागत होता. मानायचे सोडले तेव्हा तो लंगोटीपर्यंत आला. लुटणाराची स्थिती तरी काय होती? १८९९-१९०० च्या छप्पनियाच्या दुष्काळात याच डोंगरांनी हजारो भिल्ल उपाशी मरताना पाहिले. मोहाची फुले, टेंभुर्णी, चारोळी, रानातले कंद, त्यांतला कोणता उकडून पाणी ओतून दिल्यावर खाण्याजोगा होतो आणि कोणता कशानेही होत नाही, ही विद्या त्यांच्यापाशी होती, पण जंगलावरचा हक्क राहिला नव्हता. जगण्याच्या साधनांची सर्वांत पूर्ण यादी ज्यांना मुखोद्गत होती, तेच परक्याच्या झोळीतले फुटके भांडे काढून घेत होते, हे चित्र आम्हांस अस्वस्थ करते. आता ती झाडीही उरलेली नाही. सरदार सरोवर धरणाची भिंत १३८.६८ मीटरपर्यंत चढली, सप्टेंबर २०१७ मध्ये ते राष्ट्रास अर्पण झाले. जुने शूलपाणेश्वराचे देऊळ आणि काठचे पाडे जलाशयाखाली गेले. परिक्रमावासी वरच्या रस्त्याने जातात, आणि लुटले जात नाहीत.

आता पुन्हा पत्र्याच्या डबीकडे. तिचा जन्म युद्धातला. शत्रूच्या मुलखात विमान पडले तर वैमानिकास निसटून येता यावे म्हणून ब्रिटिशांनी डिसेंबर १९३९ मध्ये एक गुप्त खाते उघडले. त्यातील क्लेटन हटन या कल्पक अधिकाऱ्याने आरंभी पन्नास सिगारेटींच्या चपट्या डबीतच हा संच बसविला. माल्ट-दुधाच्या गोळ्या, चॉकलेट, झोप उडविणारे औषध, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या, रबरी पाणपिशवी, काड्या, इवलेसे होकायंत्र. आणि जोडीला रेशमावर छापलेला, चुरगाळला तरी आवाज न करणारा नकाशा. ही यादी त्या मुलखाची आहे हे सहज दिसेल. शेजारी माणूस आहे, पण त्याच्याशी बोलता येत नाही. पाणी आहे, पण मागता येत नाही. चितूची अवस्था हीच होती; फक्त त्याला डबी भरून देणारे खाते नव्हते. पुढे जॉन वाइजमन या ब्रिटिश सैनिकाने १९८६ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाने तंबाखूची डबी जगभर पोहोचविली. गळ, फासाची तार, मेणबत्ती, गारगोटी, भिंग, पाती, आणि पाणी भरून घेण्यासाठी चक्क निरोध. एका निरोधात लिटरभर पाणी राहते, हे वाचून आमच्या एका वयोवृद्ध मित्रांनी पुस्तक मिटले होते.

हीच यादी जशीच्या तशी उचलून आपल्या रानात नेणाऱ्यांविषयी मात्र आमची तक्रार आहे. ती थंड, ओल्या, निर्मनुष्य प्रदेशासाठी केलेली आहे. निमाडात वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो. तेथे माणूस गारठून मरत नाही, उन्हाने आणि तहानेने मरतो. फासाची तार येथे उपयोगाची तर नाहीच, तिने ससा धरणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. राखीव जंगलात आग लावण्यास १९२७ च्या वन अधिनियमाने मनाई आहे, आणि फाल्गुनानंतर सागाच्या वाळक्या पानांवर पडलेली एक ठिणगी काय करते हे ज्याने पाहिले आहे, तो आगकाडी सहसा काढणार नाही. मात्र पौषातल्या रात्री पचमढीच्या बाजूस, ओल्या कपड्यांनिशी, तीच काडी जीव राखते. म्हणून आग डबीत असावीच, पण ती कोणत्या ऋतूत काढायची हे डबीबाहेरचे ज्ञान आहे. आता तिच्यासाठी जी काळी कांडी मिळते, ती १९०३ मध्ये ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख याने शोधलेल्या मिश्रधातूची. चकमकीत दगडाने लोखंड तासले जाई. येथे पोलादाने ही कांडी तासायची. ती भिजली तरी पुसून लगेच ठिणग्या देते, म्हणून काड्यांपेक्षा बरी.

आमच्या मते या मुलखाच्या डबीत पहिली जागा जलसंजीवनीच्या पुडीची. साडेवीस ग्रॅमची ती पुडी लिटरभर पाण्यात विरघळवायची. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीच्या रोग्यांना वाचविले होते; उन्हाने आणि जुलाबाने सुकलेल्या माणसाला आजही ते तारते. मग पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या आणि पाणी धरायला घडी होणारी जाड प्लास्टिकची पिशवी. एक शिट्टी, हाकेचा आवाज तासाभरात बसतो, शिट्टी फुंकवत राहते, आणि ठरावीक अंतराने तीन-तीन वेळा वाजली की ऐकणाऱ्यास ती खेळ नव्हे हे कळते. लहान आरसा, सुईदोरा, चार हात बारीक दोरी, पाते, चिकटपट्टी, स्वतःच्या नेहमीच्या औषधाच्या दोन दिवसांच्या गोळ्या, नखाएवढी विजेरी. साप चावल्यास कामी येईल असे या डबीत काहीच मावत नाही. जखम कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांनी अपायच होतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारींवरची लस रुग्णालयात मिळते. चावलेला अवयव न हलविता रुग्णास तेथे पोहोचविणे हाच उपाय, आणि त्यासाठी माणसे लागतात. गळ आम्ही वगळला आहे. दोन दिवस माणूस मासे न खाता राहू शकतो.

आणि एक कागद. कोठे चाललो, कोणत्या वाटेने, केव्हा परतणार, हे लिहून त्याची एक प्रत घरी आणि एक, मुख्य म्हणजे, वाटेतल्या शेवटच्या पाड्यात ठेवावी. चहाची टपरी असो की अंगणवाडी, तेथे पाच मिनिटे बसावे, ओढ्यांची स्थिती विचारावी. जुलै २०११ मध्ये पाताळपाणीच्या धबधब्यावर अचानक आलेल्या लोंढ्याने एका कुटुंबातली माणसे पाहता पाहता वाहून नेली. वरच्या अंगाला पाऊस झाला होता, येथे आभाळ मोकळे होते. पाणी गढूळ होऊ लागले, काटक्या-पाने वाहून येऊ लागली की पात्रातून बाहेर पडायचे, हे ओढ्याकाठचा गुराखी पोर सांगू शकतो. त्याला वाटाड्या म्हणून बरोबर घेतले तर उत्तम. त्याचा दिवसाचा रोज घासाघीस न करता द्यावा, आणि तो देताना कवडी म्हणून द्यावा, दान म्हणून नव्हे; वाट त्याच्या हद्दीतली आहे.